मदत हवी आहे: काचेवरचं नॅनो कोटिंग घाटात उलटं वागतंय

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा. आठवड्यातून चार दिवस पहाटे तीनला पिकअपमध्ये भाजी भरून जांबोटी-चोर्लामार्गे गोव्याला जातो.

मे महिन्यात एका दुकानात (नाव घेत नाही) पुढच्या काचेला नॅनो कोटिंग करून घेतलं. १८०० रुपये. पाणी शिंपडून दाखवलं, तर अळूच्या पानावरून घरंगळावं तसं खाली. "वायपर काढून ठेवला तरी चालतंय की ओ!" मी भुललो.

पावसात जांबोटीपर्यंत मजा असते, साठ-सत्तरला थेंब आपोआप वर पळतात. कणकुंबी सोडून घाट लागला, गाडी पंचवीसवर आली की काचेवर बारीक थेंबांचं पुरळ. समोरून टेम्पो आला की एकेका थेंबात एकेक दिवा! वायपर लावला तर थरथरतो, कर्रकर्र करतो. ब्लेड दोनदा बदललं. आता वायपर फिरतो तिथलं कोटिंग ठिगळाठिगळाने गेलंय, कोपऱ्यात मात्र अजून नवंकोरं.

पुन्हा करून घेऊ की काढून टाकू? काढायचं तर काचेला चरे न पडता कसं? आणि स्वतःच स्वच्छ होणारी काच खरंच असते का? आमचे निपाणीचे मामा म्हणतात, कोटिंग कशाला, ओली तंबाखू चोळ.

प्रतिसाद १
दादा, कोटिंग खोटं नाही, पण थेंब ढकलायला वारा लागतो. साधारण साठच्या खाली तो जोर मिळत नाही, थेंब जागीच बसतात. शिवाय हा थर अतिशय पातळ. वायपर रोज घासतो तिथून आधी जाणारच. अर्धवट उरलेला सगळ्यात वाईट, ब्लेड कुठे घसरतं, कुठे अडकतं.

मी काढूनच टाकेन. काचेसाठीची सेरियम ऑक्साइडची पावडर पाण्यात कालवून मऊ पॅडने हाताने घासा. तारेची घासणी अजिबात नको. नंतर पाणी टाका. थेंब न होता सपाट पसरलं की निघालं समजा.

मामांची तंबाखू याच्या बरोबर उलट्या तत्त्वावर: पाणी पळवायचं नाही, पसरवायचं. स्वतः स्वच्छ होणारी काच असते: पिल्किंग्टन या काच कंपनीने २००१ मध्ये आणलेली, टायटॅनियम डायऑक्साइडचा थर दिलेली काचही पाणी पसरवतेच, वर उन्हातल्या अतिनील किरणांनी मळ कुजवते. पण ती इमारतींच्या खिडक्यांसाठी. आणि आषाढात कणकुंबीला ऊन कुठलं आणणार?

बिनवायपरची गाडीही झालीय. इटलीचे गाड्यांचे डिझायनर फिओराव्हंती यांची 'हिद्रा', जिनिव्हाचं गाड्यांचं प्रदर्शन, २००८. काचेवर नॅनोचे थर. ती नमुन्याचीच गाडी, भाजी भरायची नव्हे.

धागाकर्ता
पटलं. रविवारी आधी क्लीनरच्या बाजूची अर्धी काच घासून बघतो. तंबाखूचं तत्त्व बरोबर निघालं, हे मामांना कुणी सांगू नका.