क्लच नवा टाकला, पण पेडलचं काय? आपापले किस्से टाका

सुरुवात मीच करतो. दहा वर्षं जुनी डिझेल हॅचबॅक, खंबाटकी चढताना चौथ्यात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आरपीएमचा काटा भसाभस वर आणि गाडी आपली होती तिथंच, वर तो जळका वास. अख्खा सेट बदलला, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. गाडी घरी आणली तर क्लच पार तळाला पकडतोय आणि रिव्हर्स टाकताना कर्रर्र! मिस्त्री म्हणे साहेब नवीन आहे, सेट होईल. पंधरा दिवस थांबलो, कसलं काय. मग एकदा वैतागून पेडल चार-पाचदा पटापट मारलं तर रिव्हर्स लोण्यासारखा पडला, आणि जरा वेळाने परत कर्रर्र. म्हणजे क्लचच्या तेलाच्या लाइनमध्ये हवा. गिअरबॉक्स उतरवताना स्लेव्ह सिलिंडरचा (तेलाच्या दाबाने क्लच सोडवतो तो) पाइप सोडलेला आणि नंतर ब्लीडिंग, म्हणजे लाइनमधली हवा काढणं, अर्धवट केलेलं. अर्ध्या तासाचं काम निघालं. तुमचंही सांगा.

—

आमच्याकडे वडिलांची मारुती ८०० होती, तिला केबल. नवीन प्लेट टाकल्यावर मिस्त्रीने केबल इतकी ताणली की पेडलला फ्री प्लेच नाही. चालवायला मस्त वाटायची हो, पण क्लच कधी पूर्ण बसतच नव्हता आणि तीन महिन्यांत नवी प्लेट स्लिप! तेव्हापासून गॅरेजमधून निघताना मी खाली वाकून पेडल हातानेच दाबून बघतो, सुरुवातीला बोटभर तरी मोकळं पाहिजे.

—

हसू नका. गिअर अडकायला लागले, गॅरेजवाल्याने क्लच सेटचं एस्टिमेट हातात दिलं. दीर आले, त्यांनी नुसतं मॅट ओढून काढलं. मी हौसेने घेतलेलं जाड मॅट पेडलखाली गोळा होत होतं, त्यामुळे क्लच पूर्ण दाबलाच जात नव्हता. खर्च शून्य रुपये, टोमणे अजून चालू आहेत.

—

ताई भारी 😄 माझं उलटं, नवीन प्लेट आणि तरी पहिल्यात गाडी उचलताना थडथडथड. परत गिअरबॉक्स खाली, बघतो तर इंजिनच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल झिरपून प्लेट ओली. सील काही शे रुपयांचं, लेबर मात्र दुसऱ्यांदा अख्खी. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर समोर उभं राहून सील आणि फ्लायव्हील (इंजिनची चकती, जिच्यावर क्लच प्लेट दाबून बसते) बघून घ्या राव.

—

मी स्वतः गॅरेजवाला. शिकाऊ असताना प्लेट उलटी बसवली होती, पेडल कितीही दाबा क्लच सुटेचना. प्लेटवर फ्लायव्हील साइड असं छापलेलं असतं, ते न वाचताच बोल्ट आवळले. उस्ताद काही बोलले नाहीत, संध्याकाळी सगळे गेल्यावर मला एकट्याला परत खोलायला लावलं.

—

दादा, तुम्हालाच विचारतो, मी परवाच सेट बदललाय पण घरघर आवाज येतोय.

—

पेडल दाबल्यावर का सोडल्यावर? न्यूट्रलला सोडल्यावर येत असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग बघा, दाबल्यावर असेल तर रिलीज बेअरिंग.

—

दाबल्यावर. पण ते तर नवीन टाकलंय ना, बिलात आहे.

—

जुने पार्ट मागून घेतले होते का?

—

नाही ओ 😐