शेततळ्याचं पाणी गर्द हिरवं. पाण्यातले प्लवंग (तरंगणारे बारीक जीव) शेवाळ खात काहून नाहीत?

कपाशीकाठ (वर्धा जिल्हा)
३० × ३० मीटरचं अस्तराचं शेततळं आहे, त्यात कटला, रोहू, मृगळ. पोळ्यानंतर पाणी हिरवंगार झालं. समुद्रात सूक्ष्म शेवाळाचा बहर कोपेपॉड (झिंग्याच्या जातकुळीतले बारीक प्लवंग) चरून आटोक्यात आणतात, असं वाचलं. मग इथं काहून नाही? मोरचूद टाकू का?

प्लवंगजाळी
मोरचूद टाकू नका भाऊ. त्यातल्या तांब्यानं शेवाळाआधी डॅफ्निया-मोइना, म्हणजे शेवाळ गाळून खाणारे गोड्या पाण्यातले बारीक जीव, मरतात. वरून मेलेलं शेवाळ कुजताना ऑक्सिजन ओढतं, अन् पहाटे मासे वर तोंड काढतात.

समुद्रातही कोपेपॉड एकटे पुरत नाहीत. शेवाळाची पेशी दिवस-दोन दिवसांत दुप्पट होते, कोपेपॉडची पिढी तयार व्हायला आठवडे लागतात. बहर येतो तो या मधल्या वेळातच. तिथं सर्वांत जास्त चराई सिलिएटसारखे एकपेशीय जीव करतात, कारण ते जवळपास शेवाळाच्याच वेगानं वाढतात. गोड्या पाण्यात ही बाजू मोइना सांभाळते. उबदार पाण्यात तिला आठवड्याच्या आत पिलं होतात.

आधी शेवाळ ओळखा. काचेच्या ग्लासात पाणी तासभर हलवू नका. हिरवा थर वर तरंगला तर बहुधा मायक्रोसिस्टिस, म्हणजे एक निळं-हिरवं शेवाळ. त्याचे चिकट पुंजके मोइनाच्या गाळणीत मावत नाहीत, अन् कोपेपॉड ते निवडून टाळतो.

कपाशीकाठ
थर आला नाही, पाणी सारखंच हिरवं आहे.

हापा
मग चराई मोजता येते. एक लिटरच्या दोन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत ६० मायक्रॉनच्या जाळीतून गाळलेलं पाणी, दुसरीत तसंच. दोन्ही फूटभर खोल २४ तास टांगा. गाळलेली जास्त हिरवी झाली तर चरणारे कामावर आहेत. दोन्ही सारख्याच दिसल्या तर चरणारेच कमी पडले आहेत.

त्याच जाळीतून ५० लिटर पाणी गाळा, जाळीत उरलेलं थोडं फॉर्मॅलिन घालून परीक्षानळीत बसू द्या. तळाशी १ ते २ मिली प्लवंग हवेत. निव्वळ हिरवा गाळ बसला तर तो मोजू नका; फॉर्मॅलिन घालायच्या आधीच भिंगातून हलणारे बघून ठेवा.

कमी असण्याची कारणं दोनच जास्त दिसतात. पहिलं म्हणजे कटला: त्याचं मुख्य खाणं मोइनासारखे प्राणीप्लवंगच, गर्दी झाली की मोइना उरत नाही. दुसरं तुमच्या बांधावरच आहे. कपाशीवरचं पायरेथ्रॉइड कीटकनाशक अगदी थोडं पाण्यात उतरलं तरी डॅफ्निया मरतो, शेवाळाला मात्र काही होत नाही. फवारणीचा पंप तळ्यात धुऊ नका, अन् पावसाचं शेतातलं पाणी चर काढून बाजूनं वळवा.

मोइना परत आणायची तर कोपऱ्यात मच्छरदाणीचा हापा (पाण्यात टांगलेला जाळीचा पिंजरा) लावा. दुसऱ्या तळ्यातलं पाणी आधी मच्छरदाणीतून गाळा, म्हणजे पाणकिडे अन् माशांची पिलं वर राहतील. खाली उतरलेली मोइना संध्याकाळी हाप्यात सोडा. कटला आत शिरत नाही, मोइनाची पिलं जाळीतून बाहेर येत राहतात. तोवर शेणखत अन् सुपर फॉस्फेट बंद. २० सेंटिमीटरची काळी-पांढरी तबकडी दोरीनं सोडत राहा. ती ३० ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी होऊ लागली की खत थोडं-थोडं सुरू करा.