गिझर 2000 वॅटचा, करंट मात्र 7.3 अँपिअर. कॉइल बाद झालं का?

खटका_पट्टी
25 लिटरचा साठवणीचा गिझर. पाटीवर 230 व्होल्ट, 2000 वॅट. पाणी तापायला पाऊण तासावर जातो. गिझर चालू असताना सॉकेटवर 196 व्होल्ट, क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर) 7.3 अँपिअर. 2000 भागिले 196 केलं तर 10.2 अँपिअर यायला हवेत. शिवाय 196 चा वर्ग भागिले 2000 म्हणजे 19.2 ओहम रोध, पण मल्टिमीटर 27.1 दाखवतो. वायरमन म्हणतो कॉइल बदला. बदलू का?

ओहम_मामा
थांबा, कॉइल ठणठणीत आहे. पाटीवरचे 2000 वॅट 230 व्होल्टला मिळतात, 196 ला नाही. तुम्ही वॅट पाटीवरचे घेतले आणि व्होल्ट सॉकेटवरचे, त्यामुळे दोन्ही उत्तरं चुकली.

गिझरच्या कॉइलचा रोध जवळपास कायम असतो. पाटीवरून तो काढा: 230 × 230 ÷ 2000 = 26.45 ओहम. चालू असतानाच्या मोजणीवरून 196 ÷ 7.3 = 26.85 ओहम. मल्टिमीटरची दोन्ही टोकं एकमेकांना लावून पाहा, 0.2 ते 0.3 ओहम दिसेल. तो मीटरच्याच वायरींचा रोध, 27.1 मधून वजा करायचा. म्हणजे पुन्हा 26.8. तीन वाटांनी एकच उत्तर येतंय. अशा उपकरणांना मानकाप्रमाणे वॅटमध्ये 5 टक्के जास्त ते 10 टक्के कमी एवढी सूट असते, म्हणजे 25.2 पासून 29.4 ओहमपर्यंत काहीही चालेल.

प्रत्यक्ष पॉवर 196 × 7.3 = 1431 वॅट. व्होल्टेज 15 टक्के घटलं, पण वॅट व्होल्टेजच्या वर्गाने घटतात, म्हणून जवळजवळ 28 टक्के गेले. 25 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर न्यायला सुमारे 4186 किलोज्यूल लागतात. 2000 वॅटला 35 मिनिटं, 1431 ला 49. तुमचा पाऊण तास इथेच सापडला.

तीन_फेज
मग गिझरला स्टॅबिलायझर लावून टाका, विषय संपला.

मेगर
स्टॅबिलायझर नको, आधी व्होल्टेज कुठे पडतंय ते बघा. गिझर बंद ठेवून सॉकेटवर किती? आणि चालू असताना मीटरबोर्डावर किती? दोन्ही आकडे टाका.

ज्यांना रोध मोजायचाय त्यांच्यासाठी: एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) पाडा, प्लग काढा, कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवा, मगच टोकं लावा. थर्मोस्टॅटने सर्किट तोडलेलं असताना प्लगच्या पिनांवर मोजलं तर सर्किट उघडं दिसतं आणि चांगलं कॉइल भंगारात जातं. क्लॅम्प एकाच वायरीभोवती हवा. फेज-न्यूट्रल दोन्ही आत घेतलं तर शून्य.

खटका_पट्टी
बंद असताना सॉकेटवर 217. चालू असताना मीटरबोर्डावर 214. सॉकेटपर्यंत 1.5 ची तांब्याची वायर, अंदाजे 15 मीटर.

मेगर
मग घरातच 18 व्होल्ट खाल्ले जाताहेत. 18 ÷ 7.3 = 2.47 ओहम. 1.5 चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध किलोमीटरला साधारण 12.1 ओहम, जाऊन-येऊन 30 मीटर म्हणजे 0.36 ओहम. उरलेले 2.1 ओहम कुठल्या तरी सैल जोडात आहेत. तिथे 7.3 × 7.3 × 2.1 = 112 वॅट उष्णता होतेय, स्विचबोर्डाच्या पेटीत सोल्डरिंग आयर्न ठेवल्यासारखं. एमसीबीला याचा पत्ता लागत नाही. करंट मर्यादेच्या आतच आहे. स्टॅबिलायझर लावला असता तर गिझरला पूर्ण 2000 वॅट द्यायला मागून 10 अँपिअर ओढले गेले असते आणि त्याच जोडात 210 वॅट झाले असते.

गिझर वापरणं आजच थांबवा. मेन पाडून सॉकेट, स्विच आणि मधले जंक्शन बॉक्स उघडा. स्क्रूखालची काळी पडलेली वायर आणि कडक झालेलं प्लास्टिक शोधा. न्यूट्रल विसरू नका, बहुतेक जण फेजच घट्ट करून मोकळे होतात.

तीन_फेज
बरोबर, माझा सल्ला मागे. पण मग बल्बचा रोध मल्टिमीटरवर एवढा कमी का येतो? 100 वॅटच्या बल्बला 529 हवेत, 40 च्या आसपास दिसतात.

ओहम_मामा
टंगस्टनची तार पेटली की 2500 अंशांच्या वर जाते, रोध दहापटीहून जास्त वाढतो. मीटर थंड तार मोजतो. गिझरच्या कॉइलची तार निक्रोमची, तिचा फरक किरकोळ. आणि मोटारीला हे गणित लावूच नका: तिथे व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे नुसता रोध नव्हे, वॅट काढायला व्होल्ट गुणिले अँपिअरला पॉवर फॅक्टरने (त्यातले खरे वॅट किती ते सांगणारा आकडा) गुणावं लागतं, आणि भार तोच असेल तर व्होल्टेज पडल्यावर करंट वाढतो.

खटका_पट्टी
सॉकेटमागचा न्यूट्रल. स्क्रू अर्धा फिरला एवढा ढिला, वायरीचं आवरण दोन सेंटिमीटर कोळसा. जळका भाग कापून नवं 16 अँपिअरचं सॉकेट बसवलं. आता चालू असताना 211 व्होल्ट, 7.9 अँपिअर.

मेगर
म्हणजे 1667 वॅट, 42 मिनिटं. पुढच्या वेळी 2.5 ची वायर ओढून घ्या, 0.36 चे 0.22 ओहम होतील. अर्धा तास गिझर चालवून प्लग काढा आणि पिनांना हात लावून बघा. चटका बसला तर सॉकेट पुन्हा उघडा.