गेम विकणं बंद केलंत, तर कोड खुला करा: कायद्यानेच

कृष्णाकाठ (सांगली)

कंपनीने एखादा गेम विकायचं थांबवलं, किंवा सर्व्हर बंद करून तो खेळण्याजोगा ठेवला नाही, तर ठरावीक मुदतीत त्याचा सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर) खुला करणं कायद्यानेच बंधनकारक हवं. यावर मतं हवी आहेत, विरोधी असली तर जास्त बरं.

२०१९च्या महापुरात गावभागातल्या आमच्या घराचा खालचा मजला बुडाला. धाकट्या भावाने पैसे साठवून घेतलेल्या गेमच्या मूळ सीडी तिथल्या कपाटात होत्या, सीरियल नंबरच्या कागदांसकट. पाणी उतरल्यावर गाळ धुऊन काढला, पण सीडीचा चंदेरी थर कडेने सुटून आला होता. त्यातले काही गेम आता ऑनलाइन मिळतात, ते त्याने पुन्हा विकत घेतले. उरलेले कुठल्याच दुकानात नाहीत. बनवणारी कंपनी बुडाली, हक्क कुणाकडे गेले याचा पत्ता नाही. माणूस पैसे घेऊन उभा आहे आणि वस्तू कुणी विकतच नाही, मग तिच्यावर पहारा कशासाठी?

हे फक्त जुन्या गेमचं नाही. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ २०१४ साली आला. एकट्याने गाडी चालवायची तरी कंपनीचा सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ला तो सर्व्हर बंद झाला आणि पैसे मोजून घेतलेला गेम सगळ्यांच्याच हातून गेला. त्यावरून युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली, दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या.

कॉपीराइट हा लेखक आणि समाज यांच्यातला व्यवहार आहे. आपल्याकडे लेखकाला हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क, मग कृती सगळ्यांची. आपल्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली गेले. त्यांची नाटकं आज कुठल्याही हौशी मंडळाने परवानगीशिवाय करावीत. सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणजे २०३६ संपलं की त्यांचं लेखनही खुलं. छापील पुस्तक तोवर टिकतं. गेमचं तसं नाही. कोड कंपनीच्या हार्ड डिस्कवर, आपल्याकडे फक्त मशीनला कळणारी फाईल. मुदत संपेल तेव्हा समाजाच्या हातात काय पडणार?

आणि हे जमतं, याचा पुरावा आहे. आयडी सॉफ्टवेअरने ‘डूम’ १९९३च्या डिसेंबरात आणला, १९९७च्या डिसेंबरात कोड खुला केला, १९९९मध्ये तो जीपीएल या परवान्याखाली दिला, म्हणजे सुधारलेला कोडही खुला ठेवायच्या अटीवर. चित्रं, आवाज, नकाशे यांचे हक्क स्वतःकडेच ठेवले. डूम आजही विकला जातो. कंपनीचं काय बुडालं?

मिरजेचा गेमवाला

तळमळ समजते, सक्ती मान्य नाही. मी हेच काम करून पोट भरतो, म्हणून सविस्तर लिहितो.

डूमचं उदाहरण पुरतं सांगा. १९९७ला जो कोड बाहेर आला तो डॉसचा (विंडोजच्या आधीची संगणकप्रणाली) नव्हता, लिनक्स या खुल्या प्रणालीवरच्या आवृत्तीचा होता. कारण डॉसवरच्या डूममधली आवाजाची लायब्ररी (तयार कोडचा संच) दुसऱ्याची होती, ती वाटायचा हक्क आयडीकडे नव्हताच. पुढे २०११मध्ये ‘डूम ३’चा कोड खुला करताना सावल्या दाखवायच्या एका पद्धतीवर दुसऱ्याचं पेटंट निघालं, तेव्हा आयडीचा प्रोग्रॅमर जॉन कार्मॅक याला तेवढा भाग वेगळ्या तऱ्हेने पुन्हा लिहावा लागला. त्याच्यासारखा माणूस हौसेने बसला म्हणून ते झालं. आजच्या गेममध्ये फिजिक्स एकाचं, व्हिडिओ दुसऱ्याचा, आवाज तिसऱ्याचा. बुडालेल्या कंपनीचा कोड निवडून-पाखडून द्यायला कोण बसणार, आणि त्याचा पगार कोण देणार?

आता माझं सांगतो. मोबाईलसाठी एक छोटा कोड्यांचा गेम केला. पार्श्वसंगीत इथल्याच एका सतारवादकाकडून वाजवून घेतलं. मिरजेच्या सतारीचा तो आवाज हाच त्या गेमचा जीव आहे. गेम चालायला लागला आणि महिना-दीड महिन्यात तोच गेम दुसऱ्या नावाने एका स्टोअरवर आला. चित्रं तीच, संगीत तेच, फक्त नाव आणि जाहिरातींचा खाते क्रमांक बदललेला. माझ्या स्पर्धेला माझीच वस्तू. तक्रारीला उत्तर यायला इतके दिवस लागले की तोवर त्यांची कमाई होऊन गेली होती. कोड बंद असताना ही गत! आणि गेम ‘बंद’ पडला तरी त्यातला कोड मेलेला नसतो, माझ्या पुढच्या गेमचा अर्ध्याहून जास्त पाया तोच असतो.

मी ओपन सोर्सचा, म्हणजे खुल्या कोडचा, विरोधक नाही. गोडो इंजिनवर (गेम बनवायच्या तयार साधनावर) काम करतो, ते २०१४पासून एमआयटी या मोकळ्या लायसन्सखाली खुलं आहे. २०२३मध्ये युनिटी या दुसऱ्या इंजिनच्या कंपनीने दर इन्स्टॉलमागे पैसे मागायचं जाहीर केलं तेव्हा माझ्यासारख्या कितीतरी जणांना गोडोनेच हात दिला. वर्षभराने युनिटीने तो निर्णय मागे घेतला, पण मी परत गेलो नाही. मात्र गोडो लिहिणाऱ्यांनी ते राजीखुशीने दिलंय. कुणी पोलीस पाठवून घेतलेलं नाही.

खणभाग कॅफे

दोघं बी शिकलेले, चांगलं लिवताय. मी कॅफे चालवणारा, माझं ऐका जरा. पोरगं आत आलं की पहिला प्रश्न, अमका गेम हाय का. न्हाई म्हटलं की उलट्या पावली बाहेर. त्याला कोड नको, लायसन नको. मैतर जे खेळत्यात ते पायजे. मी फुकटातले ओपन सोर्स गेम सगळ्या मशीनवर टाकून बघितले. दोन दिवस कौतुक, तिसऱ्या दिवशी मशीन रिकामं. नवीन मोठा गेम तीन-चार हजाराला, आणि तासाचे पैसे पोरं देणार किती? ज्यांनी चोरून टाकले त्यांचा धंदा चालला, आम्ही रीतसर घेतले आमचं बिल निघंना. कोड खुला करायचा कायदा राहू द्या, आपल्या गावाला परवडंल असा दर लावायचा कायदा करा आधी.

काळा कोट, विश्रामबाग

कायद्याचा उल्लेख झालाय म्हणून आज तो काय सांगतो ते लिहिते. काय असावं यावर वाद घाला, पण काय आहे ते माहीत असू द्या.

भारतात संगणक प्रोग्रॅम हा कॉपीराइट कायदा, १९५७खाली साहित्यकृतीत मोडतो. ‘कंपनीने सोडून दिलेला गेम’ असा कुठलाही प्रकार कायद्याला माहीत नाही. विक्री थांबली म्हणून हक्क संपत नाही. कलम ५२ रीतसर घेतलेल्या प्रोग्रॅमची जपणुकीपुरती प्रत काढू देतं. म्हणजे कृष्णाकाठ, तुमच्या भावाने पुराच्या आधी स्वतःच्या सीडीची प्रत काढून वरच्या मजल्यावर ठेवली असती तर ती पूर्ण कायदेशीर. पण दुसऱ्या कुणी प्रत काढू न देणारं डिजिटल कुलूप फोडून इंटरनेटवर टाकलेली प्रत उतरवणं त्यात बसत नाही. आणि जाणूनबुजून चोरीचा प्रोग्रॅम वापरला तर कलम ६३ब आहे: किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं. कॅफेवाल्यांना ती सवलत लागू होईल असं समजू नका. तुम्ही रीतसर घेतलेत ते योग्यच केलंत.

२०१२च्या दुरुस्तीत कलम ६५अ आलं. डिजिटल कुलूप तोडलं तर २ वर्षांपर्यंत कैद, पण हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर. हा हेतूचा भाग आपल्या कायद्यात आहे, हे फार मोलाचं आहे. शिवाय कलम ३१ आहे. मालक कृती पुन्हा प्रकाशित करायला नकार देऊन लोकांपासून अडवून ठेवत असेल, तर सक्तीचा परवाना मागता येतो. सक्तीची कल्पना आपल्या कायद्याला परकी नाही, एवढं गेमवाल्यांनी ध्यानात घ्यावं.

आणखी एक. जीपीएल उभं आहे ते कॉपीराइटच्याच जोरावर. कॉपीराइट नसेल तर ‘कोड घ्या, पण सुधारलेला कोडही खुला ठेवा’ ही अट कुणावर घालताच येणार नाही. तेव्हा ओपन सोर्सवाल्यांनी कॉपीराइटला शिव्या घालू नयेत.

कृष्णाकाठ (सांगली)

ताई, कॉपीराइटला शिवी मी घातलेली नाही. मी म्हणतोय की हक्काबरोबर जबाबदारी हवी. वस्तू लोकांपर्यंत पोहोचत राहावी ही ती जबाबदारी.

गेमवाले, तुमची चोरी झाली याचा राग मलाही आहे. पण तुमच्या गेमची नक्कल बनवणाऱ्याने कोड वाचला नव्हता, त्याने तयार फाईल उचलून नाव बदललं. कोड बंद ठेवल्याने तुमचं संरक्षण झालं नाही, कॉपीराइटने व्हायला हवं होतं, आणि ते मिळायला उशीर लागला. ती लढाई वेगळी आहे आणि त्यात मी तुमच्या बाजूने आहे.

दुसऱ्यांच्या लायब्रऱ्यांचा मुद्दा खरा आहे. पण कायदा आधीपासून असेल तर करार करतानाच ती सोय होईल. आणि जिथे कोड देणं अशक्य, तिथे निदान सर्व्हर द्या. ‘नॉकआउट सिटी’ २०२१ला आला, २०२३च्या जूनमध्ये त्याचे सर्व्हर बंद झाले, पण बनवणाऱ्यांनी स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती लोकांना देऊन टाकली. कोड उघडला नाही, पेटंटचं लफडं नाही. ज्यांना खेळायचंय ते खेळतात. छोट्या स्टुडिओला जे जमलं ते हजारो नोकरदारांच्या कंपनीला जमत नाही?

तासगावचे सर

शाळेच्या बाजूने लिहितो. आमच्या लॅबमधल्या मशीन देणगीतून आलेल्या, चार जीबी रॅमच्या. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ त्यांवर बसत नाही. भंगारात घालायच्या ऐवजी लिनक्स टाकलं. आठवड्याच्या शेवटच्या तासाला मुलं सुपरटक्सकार्ट हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळतात, मोठी मुलं प्राचीन साम्राज्यांच्या लढायांचा ‘०ए.डी.’ खेळतात. दोन्ही खुल्या कोडचे. त्यात मौर्य आहेत, हत्ती आहेत. इतिहासाच्या तासाला मान न उचलणारा मुलगा मला चंद्रगुप्ताच्या सैन्यात काय काय होतं ते विचारायला आला.

खेळापेक्षा महत्त्वाचं म्हणजे या गेममधला मजकूर वेगळ्या फाईलमध्ये असतो. एका ओळीत इंग्रजी, खालच्या ओळीत आपण मराठी लिहायचं. आठवीच्या मुलींनी ‘बराक्स’ला (सैनिक राहतात त्या इमारतीला) काय म्हणायचं यावर तासभर भांडण केलं आणि शेवटी ‘सैन्यतळ’ लिहिलं. फाईल जतन केली, गेम पुन्हा उघडला आणि पडद्यावर त्यांचा शब्द आला! विकत घेतलेल्या कुठल्या गेममध्ये तासगावच्या मुलीला हे करता येतं? मराठीत गेम आणायला कुठली कंपनी येणार नाही, कारण तिला त्यात नफा दिसत नाही. आपल्यालाच करावं लागेल, आणि करायला कोड व मजकूर हातात लागतो. कॅफेवाल्या मित्राला गिऱ्हाईक सांभाळायचं असतं, त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर. शाळेचं गणित वेगळं आहे.

वालचंद, तिसरं वर्ष

सर, तुमच्या लॅबचं मनापासून कौतुक. आमच्या कॉलेजात लिनक्स युजर्स ग्रुप आहे, मी स्वतः रोज लिनक्सच वापरतो. तरी कृष्णाकाठ यांच्याशी सहमत नाही.

‘०ए.डी.’ उघडून मोठी लढाई लावा. दोन्ही बाजूंची फौज शे-दोनशेच्या वर गेली की गेम अडखळायला लागतो. कोड खुला आहे, वर्षानुवर्षं माणसं झटतायत, तरी. कारण हे कंटाळवाणं, अवघड काम आहे आणि ते करायला पगारी माणूस लागतो. कोड खुला केला की गेम वाचला असं होत नाही. वाचवायला मंडळी लागतात, आणि ती फक्त गाजलेल्या गेमना मिळतात. तुमच्या भावाच्या त्या विसरलेल्या गेमचा कोड उद्या मिळाला तर तो आजच्या मशीनवर चालता कोण करणार आहे?

माझ्या मते मागणी विकतानाच्या टप्प्यावर हवी. कॅलिफोर्नियात २०२५पासून कायदा आहे: डिजिटल गेम विकताना ‘तुम्हाला मालकी नाही, फक्त वापराचा परवाना मिळतोय’ हे स्पष्ट सांगावं लागतं. स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानाने तशी ओळ त्याआधीच दाखवायला सुरुवात केली. आपल्याकडे तेवढं करा, आणि सर्व्हर किमान किती वर्षं चालेल ते खोक्यावर छापायला लावा. मग ज्याला घ्यायचंय तो डोळे उघडे ठेवून घेईल.

कृष्णाकाठ (सांगली)

चालता कोण करणार? मी करीन. माझा भाऊ करील. तुमच्या ग्रुपमधलं कुणीतरी सुट्टीत करील. नाही कुणी केला तर नाही, पण दार तरी उघडं असेल. आज ते कुलूप लावून किल्ली हरवलेलं आहे. आणि खोक्यावर छापून गैरसोय न्याय्य होत नाही. ‘तीन वर्षांनी काढून घेऊ’ असं लिहून दिलं तरी काढून घेणं ते काढून घेणंच.

छोट्यांची भीती रास्त आहे. ठरावीक उलाढालीच्या खालच्यांना सूट ठेवा. गेमवाले, तेवढ्यावर तयार आहात?

मिरजेचा गेमवाला

सूट असेल तर कोडबद्दल बोलायला बसेन. संगीताबद्दल नाही. ज्यांनी सतार वाजवली त्यांना मी या एका गेमसाठी मानधन दिलंय. तो आवाज कुणी उचलून आपल्या गेममध्ये, जाहिरातीत वापरावा हे त्यांना चालणार नाही, आणि त्यांच्या वतीने हो म्हणायचा मला अधिकार नाही.

काळा कोट, विश्रामबाग

त्यांच्याशी लेखी करार केलाय का, आणि त्यात मुदत लिहिलीये का, ते आजच बघा. कलम १९प्रमाणे हक्क हस्तांतराच्या करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षांचीच धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुमचा गेम स्टोअरवरून परदेशातही उतरवला जात असणार. मुदत संपायच्या आत त्यांना भेटा आणि नवा करार करून घ्या, मानधनही वाढवून द्या.