पहिला फ्लाय रॉड घ्यायचाय, बजेट दहा हजार. खाडीत चालेल असा कोणता?

भाट्येकाठचा:
मंडळी नमस्कार. रत्नागिरीत राहतो, गरवायचा नाद लहानपणापासूनचा, आधी नुसता दोरा आणि गर, गेली सात-आठ वर्षं स्पिनिंग रॉड. गेल्या मे महिन्यात मित्राबरोबर हिमाचलात तीर्थन नदीवर गेलो होतो, तिथे त्याने ट्राउटसाठी फ्लाय रॉड हातात दिला आणि मी संपलो. मासा एकही लागला नाही पण ती लाईन हवेत मागे जाऊन उलगडते आणि परत पुढे येते ते काही डोक्यातून जात नाहीये.

आता तोच मित्र स्वतःचा जुना ५ वेट, साडेआठ फुटी रॉड रीळ-लाईनसकट चार हजारात देतोय. मला काजळी नदीच्या तोंडाशी, भाट्ये पुलाच्या आसपास आणि कधीमधी किनाऱ्यावरून टाकायचंय. तांबोशी, छोटा जिताडा, जे येईल ते. एका दुकानदाराला विचारलं तर म्हणाला काठी ती काठी, नंबर बिंबर सगळं कंपनीवाल्यांचं. खरंच तसं असतं का? की नवीन ८ वेटच घ्यावा? सगळं मिळून दहा हजार हे बजेट आहे, घरी सहा सांगितलेत.

खारावारा:
दुकानदाराचं ऐकू नकोस. ५, ८ हा नंबर माशाचा नाही, काठीच्या ताकदीचाही थेट नाही, तो लाईनच्या वजनाचा नंबर आहे. स्पिनिंगला आपला वीस ग्रॅमचा चमचा, म्हणजे धातूचं आमिष, स्वतः उडतो आणि मागून दोरा ओढत नेतो. इथे उलटं, माशीला म्हणजे फ्लायला, हुकावर पिसं बांधून केलेल्या आमिषाला, जवळजवळ वजनच नसतं, लाईन उडते आणि फ्लाय तिच्या शेपटाला लटकून जाते. लाईनचे पुढचे ३० फूट तोलून हा नंबर ठरतो. ५ नंबरला १४० ग्रेन, म्हणजे साधारण नऊ ग्रॅम. ८ नंबरला २१० ग्रेन, साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. आता दुपारी भाट्याला उभा राहा आणि नऊ ग्रॅमची दोरी समोरच्या वाऱ्यात फेकून दाखव. वर आपल्याला लागतात क्लाउझर मिनो टाइपच्या फ्लाय, डोळ्यांच्या जागी शिशाचे मणी असलेल्या. ५ नंबरची बारीक लाईन ते मणी ओढूच शकत नाही, मध्येच दम सोडते आणि हुक येतो थेट तुझ्या मानेवर.

त्यामुळे ९ फुटी, ८ वेट, चार तुकड्यांचा. एकेक तुकडा सव्वादोन-अडीच फुटांचा होतो, नळी एसटीच्या रॅकवर आरामात बसते. मित्राचा रॉड वाईट नाही, तीर्थनला परत जाशील तेव्हा माग त्याच्याकडे.

आणि पैशाची वाटणी नीट कर. सगळे काठीवर उडवतात आणि लाईन कसली तरी फुकटातली लावतात. मी म्हणतो काठी पाच हजारापर्यंतची बस झाली, मॅक्सकॅचसारख्या चिनी कंपन्यांच्या त्या भावात मिळतात, कस्टमचं तेवढं बघून घे. रीळ दोन-अडीचचं. उरलेले लाईनवर. लाईन घेताना उष्ण पाण्याची, ट्रॉपिकल लिहिलेली बघ. थंड पाण्यासाठी केलेली ट्राउट लाईन आपल्याकडे एप्रिलमध्ये शिजलेल्या शेवयांसारखी होते, काठीच्या कड्यांना चिकटत बसते, मग तू लाख रुपयांचा रॉड आण.

देवबागचो_आजो:
अरे झिला, धा हजाराची काठी? माका आधी वाटला होडीच घेतंस. आमच्या कर्लीच्या खाडीत माझो बापूस नुसत्या दोऱ्याक गरी बांधून जिती सुंगटा लावी आणि चोणक, तुमचो जिताडो, काढी, काठी बिठी कायएक नाय. पण घे, हौस आसा तर घे. फक्त एक ऐक, काठी खंयचीय घे, पयलो पाणी बघूक शिक. तिथीक तीनान गुण आणि चारान भाग, येता ती भरतीची येळ. एकादशी आसली तर सव्वाआठ. उधाणाच्या दिसात पाणी गढूळ, तुझी ती पिसाची माशी कोणाक दिसतली? भांगात, म्हणजे भरती-ओहोटी कमी आसता त्या दिसांनी जा, सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की व्हाळाच्या तोंडार उभो रव. बारीक मासळी भायर येता आणि तांबोशी थयच टपान बसता.

हर्णैची_पोर:
आजोबांचं सोनं आहे, लिहून घ्या. मी वर्षभर फ्लाय मारतेय, चुका सगळ्या करून झाल्यात म्हणून सांगते.

पहिला रॉड मी माशाने मोडला नाही, स्वतःच्या घाईने मोडला. जेट्टीवर उभी होते, एक-सव्वा किलोचा मासा खाली थकलेला, जाळं आणलं नव्हतं, काठी सरळ आभाळाकडे उभी करून उचलायला गेले. कट्ट. वरचा तुकडा दोन ठिकाणी. ही काठी कास्टिंगला वाकते तशी उचलायला वाकवायची नसते, उभी धरली की सगळा भार शेंड्यावरच्या पेन्सिलीएवढ्या भागावर येतो. कंपनीची वॉरंटी होती, पण तुकडा परदेशात पाठवायचा, येण्याजाण्याचं कुरिअर धरलं तर निम्मी किंमत. तेव्हा वॉरंटी बघून महागाचा रॉड घेणार असाल तर आधी विचारा की बदली तुकडा भारतात कुठून मिळतो.

दुसरं म्हणजे मीठ. आल्या आल्या नळाखाली गोड्या पाण्याने धुवायचं, रीळ उघडून आतून पण. माझ्या स्वस्तातल्या कॉम्बोच्या रिळाची आतली स्प्रिंग एका सीझनमध्ये गंजून विटकरीसारखी झाली होती आणि काठीच्या कड्यांच्या पायाशी हिरवं चढलेलं. काठीचे सांधे सोडवून वाळवा, ओली नळीत घालून ठेवू नका. सांध्यावर साधी पांढरी मेणबत्ती घासायची, पकड बसते आणि अडकत पण नाही. मी एकदा वाळू गेलेला सांधा तसाच दाबून बसवला होता, मग काढायला भाऊ एकीकडून आणि मी एकीकडून, आई म्हणाली समुद्रमंथन चाललंय का.

एक_मुडदुशी:
मी थोडा वेगळा बोलतो. सगळे ८-८ करतात पण आचऱ्याच्या खाडीत मी ६ वेटने मारतो आणि हाताला बरं वाटतं. नवशिक्याने सकाळभर ८ वेट हलवला की दुसऱ्या दिवशी खांदा उचलत नाही. सकाळी नवापर्यंत वारा असतो कुठे? काळुंदर, छोट्या तांबोश्या, ६ पुरे. किनाऱ्यावरून मारणार असलात तरच ८.

खारावारा:
@एक_मुडदुशी खाडीपुरतं पटतं. पण ह्याला किनाऱ्यावरूनही टाकायचंय आणि काठी एकच घेणार आहे. सकाळचा मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून सुटणारा, पाठीवरून येतो, तोपर्यंत मजा. अकराच्या पुढे खारे वारे सुटतात ते वायव्येकडून, म्हणजे समुद्राकडे तोंड केलं की समोरून आणि उजवीकडून. आपण सगळे उजव्या हाताचे. लाईन ढकलली जाते बरोब्बर कानाकडे. मी कानाच्या पाळीत हुक घेऊन दवाखान्यात गेलोय, डॉक्टर आधी हसले मग इंजेक्शन दिलं. तेव्हापासून टोपी, चष्मा आणि हुकाचा काटा पकडीने दाबून सपाट, ह्याशिवाय मी टाकत नाही. रॉड घ्यायच्या आधी हे घे भाट्येकर.

अजून एक, कार्बनची काठी वीज वाहून नेते. खाडीकाठी विजेच्या तारा खाली लोंबतात तिथे नऊ फुटी काठी फिरवू नकोस, आणि आभाळ गडगडलं की सरळ खाली ठेव.

भाट्येकाठचा:
बाप रे, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे ८ वेट फायनल. दोन शंका. रिळाचा ड्रॅग, म्हणजे ब्रेक, भारी हवा का? आणि पुढे किती पाउंडाचा दोरा बांधायचा?

हर्णैची_पोर:
आपल्या साइजच्या माशांना ड्रॅगपेक्षा हात जास्त लागतो, लाईन हातानेच ओढायची असते. रीळ ॲल्युमिनियमचं, खाऱ्या पाण्याला चालेल असं लिहिलेलं, आणि लाईनच्या मागे शंभरेक यार्ड २० पाउंडी बॅकिंग, म्हणजे राखीव दोरा, मावेल एवढं, बस. पुढे साधारण नऊ फूट लीडर, म्हणजे लाईन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक दोरा, शेवट १५-१६ पाउंड, आणि त्याच्यापुढे वीतभर ३०-४० पाउंडाचा जाड तुकडा. जिताड्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते, तोंड हलवलं की बारीक दोरा गेला. खडकावरची कालवं उरलेलं काम करतात.

आणि ओढलेली लाईन पायाशी पडली की लाटेत गुंता होतो, त्याला बाजारात महागाची टोपली मिळते. मी कपडे धुवायचा छोटा प्लॅस्टिकचा टब कमरेला पट्ट्याने बांधते, तळाला भोकं पाडून केबल टाय उभे खोचलेत म्हणजे लाईनची वेटोळी सरकत नाहीत. खर्च दोनशेच्या आत. दिसायला इडलीवाली दिसते, चालतं.

भाट्येकाठचा:
अपडेट देतो, पाच आठवड्यांनी. ९ फुटी ८ वेट घेतला, रीळ साधं, लाईन ट्रॉपिकल. एकूण दहा हजार सातशे झाले, ते वरचे सातशे लाईनचे, खारावारा भाऊ तुमच्यामुळे.

पहिले पंधरा दिवस हुक लावलाच नाही, टोकाला भगव्या लोकरीचा तुकडा बांधून भाट्याच्या वाळूत रोज संध्याकाळी अर्धा तास. माझी चूक अशी की लाईन मागे पूर्ण उलगडायच्या आधीच मी पुढे मारायचो, चाबकासारखा फटका यायचा आणि लोकर उडून जायची. शेवटी मान वळवून मागे बघायला लागलो, लाईन सरळ झाली की मगच हात, तेव्हा कुठे जमायला लागलं. तीन वेळा सुरूच्या झाडात अडकली. एक पोरगं रोज येऊन बसायचं, चौथ्या दिवशी म्हणालं काका पतंग कुठाय?

गेल्या रविवारी अष्टमी होती. आजोबांच्या हिशोबाने सहाची भरती, आठ वाजता सुकती चांगली लागलेली, पुलाच्या वरच्या अंगाला एक व्हाळ उतरतो तिथे गुडघाभर चिखलात उभा. पांढरी-हिरवी क्लाउझर, वीस-पंचवीस टाके रिकामे, मग लाईन एकदम हातातून ओढल्यासारखी झाली. तांबोशी, वीतभर असेल नसेल. पण काठी मुठीपर्यंत वाकली.

देवबागचो_आजो:
फोटो खंय?

भाट्येकाठचा:
एका हातात काठी, एका हातात लाईन, मोबाईल शर्टाच्या खिशात. वाकून सोडवायला गेलो तर मासा आणि मोबाईल दोघे एकदमच खाडीत. मोबाईल तेवढा मिळाला.

देवबागचो_आजो:
मग घराकडे आता काय सांगितलंस? काठी सहाची आणि मोबाईल?