अमेरिकेतला स्त्री-मताधिकार: पश्चिमेकडं आधी का, आणि श्रीमंत बायकांचा पैसा कुठं लागला?

परभणीची_वाचक
एम.ए.च्या लघुप्रबंधात एक प्रकरण अमेरिकेवर आहे. वायोमिंग १८६९, युटा १८७०, न्यूयॉर्क थेट १९१७. 'पश्चिम पुढारलेली म्हणून आधी' असं नोट्समध्ये आहे, पटत नाही. आणि देणगीदार बायका याच प्रकरणात घेऊ की वेगळ्या?

गोदाकाठ
ताई, 'पुढारलेली' हा शब्द काढाच. मताचा हक्क कोण देत होतं ते आधी बघा. वायोमिंग तेव्हा राज्य नव्हतं, केंद्राच्या अखत्यारीतला प्रदेश होता. विधिमंडळात बहुमत आणि गव्हर्नरची सही, एवढ्यावर काम भागलं. १० डिसेंबर १८६९ ला सही झाली. त्यात बायकांची संख्या कमी, वस्ती वाढवायची घाई. राज्यात मात्र घटनादुरुस्ती मतदारांपुढं न्यावी लागे, अन् मतदार सगळे पुरुष! कोलोरॅडोत १८९३ ला मतदारांनी कौल देऊन हक्क मंजूर केला. न्यूयॉर्कात घटनादुरुस्ती १९१५ ला पडली, १९१७ ला पास झाली.

युटाला एकच तारीख लिहू नका. १८७० चा हक्क काँग्रेसनं (अमेरिकेच्या संसदेनं) १८८७ ला बहुपत्नीत्वाविरुद्धच्या कायद्यात काढून घेतला; १८९६ ला राज्य झाल्यावर परत मिळाला.

लातूरवाला
पैशाचं उत्तर यातच आहे. मूठभर आमदार वळवायला खर्च थोडा. सार्वमताला छपाई, सभागृहं, रेल्वेभाडं, पगारी कार्यकर्त्या. म्हणून मोठा पैसा उशिरा आला, तोही पूर्वेकडचा.

न्यूयॉर्कच्या प्रकाशक मिरियम लेस्ली १९१४ ला वारल्या. मृत्युपत्रात जवळपास २० लाख डॉलर चळवळीच्या नेत्या कॅरी चॅपमन कॅट यांच्या नावे. पण कोर्टकज्ज्यात निम्म्याच्या आसपासच हाती लागले, तेही १९१७ पासून. '२० लाखांवर चळवळ चालली' हे वाक्य नको. अॅल्वा बेलमाँट यांच्या पैशामुळं १९०९ ला मताधिकाराच्या राष्ट्रीय संघटनेचं कार्यालय ओहायोतल्या वॉरनहून न्यूयॉर्कला आलं.

मेरी गॅरेट जरा वेगळ्या. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय महाविद्यालयाला सुमारे ३ लाख ७ हजार डॉलर. अट अशी की मुलींना मुलांच्या बरोबरीनं प्रवेश. ते १८९३ ला सुरू झालं. ही देणगी शिक्षणाची, मताची नव्हे. पण मताधिकार चळवळीच्या नेत्या सुझन अँथनींसाठी ६०,००० डॉलरचा निधी उभा करण्यातही याच बाई होत्या. त्यामुळं वेगळं प्रकरण करू नका, सार्वमताच्या भागातच बसवा.

परभणीची_वाचक
मग १९२० ला संपवू?

गोदाकाठ
नका. १८ ऑगस्ट १९२० ला स्त्री-मताधिकाराच्या केंद्रीय घटनादुरुस्तीला मान्यता देणारं टेनेसी हे छत्तिसावं राज्य झालं, ४८ पैकी तीन चतुर्थांश भरले, एवढंच. दक्षिणेत काळ्या स्त्रियांपुढं मतकर आणि साक्षरता चाचणी होतीच. केंद्राचा मतदान हक्क कायदा १९६५ चा.

मार्गदर्शक तुलना मागतीलच. मराठवाड्यात राज्यवार लढाई शोधत बसू नका, १९५२ च्या निवडणुकीत बाई-पुरुष दोघांना एकदमच मत मिळालं. देणगीच्या अंगानं पंडिता रमाबाई घ्या: १८८७ ला बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन निघालं आणि त्यांच्या शाळेला दहा वर्षं मदत कबूल झाली. ती शाळा म्हणजे शारदा सदन, १८८९ चं.