पूर्व जर्मनीतला पगारी 'घरकाम दिवस' नेमका कोणाला मिळायचा?

कोरांटी
पूर्व जर्मनीत नोकरदार बायकांना महिन्यातून एक दिवस घरकामासाठी भरपगारी रजा असायची, असं वाचलं. कोणाकोणाला? पुरुषांना का नाही? पाळणाघरं होती, तरी या रजेची गरज का पडायची? ८ मार्चसाठी टिपण करतेय. 'मुक्ती झाली' किंवा 'सगळा देखावा' अशी ठोक उत्तरं नकोत.

तळटीप
१९५२ च्या कायद्याने हा दिवस दिला तो पूर्णवेळ काम करणाऱ्या विवाहित बायकांना. पुढे एकट्या आयाही त्यात आल्या. १९७७ च्या कामगार संहितेने चाळिशी पूर्ण केलेल्या, अविवाहित, मुलं नसलेल्या बायकांनाही घेतलं. पुरुषाला कधी? एकटा मुलं सांभाळत असेल किंवा बायको आजारी असेल तर. अर्धवेळ काम घेतलं की हक्क गेला.

चाळिशीची अट टिपणात जरूर घ्या. पस्तिशीच्या एकट्या बाईला घर नसतं का? आणि चाळिशीच्या एकट्या पुरुषाचं घर कोण झाडतं? एप्रिल १९६६ पासून लागू झालेली कुटुंब संहिता म्हणत होती, मुलं आणि घर दोघांनी मिळून बघायचं. रजेचा कागद मात्र तिच्याच नावाने निघायचा. मग धुणं कोणाच्या रजेसाठी साठणार?

वाळवण
गरज का, याचं उत्तर घड्याळात आहे. १९६७ पासून शनिवार सुटीचा झाला, पण आठवडा पावणेचव्वेचाळीस तासांचा. म्हणजे रोज पावणेनऊ तास, वर जाणं-येणं, पाळणाघर आणि दुकानातली रांग. (दोन मुलं असतील तर १९७७ पासून ४० तास, पगार तोच. तेही आईलाच!)

त्यात धुणं म्हणजे बटण दाबून मोकळं होणं नव्हे. तिथलं घरोघरचं यंत्र 'डब्ल्यूएम ६६': एक टाकी, हीटर, घुसळणारी चकती, वेळेचं बटण. बस. पाणी भरा, तापवा, घुसळा, वाफाळते कपडे लाकडी चिमट्याने उचलून टबात खळबळा, मग पिळायचं यंत्र वेगळंच. त्यात चादर एका बाजूला कोंबली की ते थडथडत जागा सोडतं. कडेकडेने सारखं लावावं लागतं. पांढरे आधी, कारण त्याच तापल्या पाण्यात पुढे रंगीत निघतात. आणि मोसमात याच टाकीत फळांच्या बरण्या उकळायच्या.

कोरांटी
हे हवं होतं! 'बाळवर्ष' (बाळ झाल्यावरची वर्षभराची रजा) तेही फक्त आईलाच होतं का?

आडवाछेद
१९७६ ला आलं तेव्हा हो, आणि तेही दुसऱ्या मुलापासून. १९८६ पासून पहिल्या मुलालाही, आणि वडील किंवा आजीही ते घेऊ शकत.

पाळणाघरांबद्दल मात्र हात आखडून लिहू नका. १९८९ ला तीन वर्षांखालच्या सुमारे ८० टक्के मुलांना जागा होती. त्याशिवाय ९० टक्क्यांच्या आसपास बायका (शिकणाऱ्या धरून) कामावर दिसल्या नसत्या.

सरकारचा हिशेब बघायचा तर १९७२ चं लग्नकर्ज बघा. ५००० मार्क, बिनव्याजी. पहिल्या मुलाला १००० माफ, दुसऱ्याला १५००, तिसऱ्याला २५००. बेरीज करा. लोक त्याला 'अबकिंडर्न' म्हणत, म्हणजे मुलांनी कर्ज फेडणं. पण त्याच वर्षी १२ आठवड्यांपर्यंत गर्भपाताचा हक्कही मिळाला, तेव्हा 'नुसती पोरं वाढवायची होती' हेही बसत नाही. एरवी सगळं एकमताने मंजूर करणाऱ्या संसदेत त्या कायद्याविरुद्ध १४ मतं पडली, ८ जण तटस्थ राहिले.

आणि सत्ताधारी पक्षाच्या पॉलिटब्युरोत (सर्वोच्च निर्णयमंडळात) शेवटपर्यंत एकही बाई पूर्ण सदस्य झाली नाही. मार्गारेटे म्युलर, इंगेबुर्ग लांगे वर्षानुवर्षं 'उमेदवार सदस्य'च. मताचा अधिकार नाही.

तळटीप
एक भर. पश्चिमेत घटस्फोटाच्या वेळी दोघांचे पेन्शनहक्क वाटून मिळायचे. १९९२ आधी पूर्वेत घटस्फोट झालेल्यांना एकीकरणानंतरही ही वाटणी लागू झाली नाही. मुलांसाठी अर्धवेळ कामावर आलेल्या बायकांना त्याचा फटका म्हातारपणी बसला. टिपण १९८९ ला थांबवू नका.